मार्लिन्सचा हिवाळा: विकायला नको होता तो कोण?

१ ऑक्टोबर २०१७, रविवार. मायामीच्या मार्लिन्स पार्कवर मायामी मार्लिन्स या अमेरिकन बेसबॉल संघाचा अटलांटा ब्रेव्ह्जविरुद्ध हंगामाचा शेवटचा सामना चालू होता. दोन्ही संघ प्ले-ऑफमधून कधीच बाहेर पडलेले, त्यामुळे निकालाचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. सगळ्यांचे डोळे मार्लिन्सच्या जानकार्लो स्टँटनवर होते. त्याचे ५९ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) झाले होते आणि साठ पुरे व्हायला एकच फटका हवा होता. नवव्या इनिंगमध्ये तो शेवटचा बॅटिंगला आला आणि स्ट्राइकआऊट होऊन परतला. दुसऱ्या दिवशी संघाचा मालक बदलला.

पुढचे चार महिनेही पुरे झाले नाहीत, तोवर त्या संघाची अख्खी आऊटफिल्ड, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात उभे राहणारे तिघेही, विकली गेली होती. उजवीकडचा स्टँटन न्यूयॉर्कला, डावीकडचा मार्सेल ओझुना सेंट लुईसला, मधला क्रिस्चन येलिच मिलवॉकीला. बेसबॉलमध्ये 'फायर सेल' हा शब्द सर्रास वापरतात. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर दुकान मोडीत काढणं. मायामीकरांना हा प्रकार नवा नव्हता, पण या वेळी तो करणारा माणूस डेरेक जीटर होता. न्यूयॉर्क यांकीजचा वीस हंगामांचा शॉर्टस्टॉप, कॅप्टन, ज्याचा फोटो पोरं खोलीत लावत, तो आता सूट घालून खेळाडू विकत होता.

या हिवाळ्याबद्दल बोलताना बहुतेक लोक स्टँटनपाशीच थांबतात. मला वाटतं स्टँटनचा सौदा जवळजवळ अटळ होता आणि खरी चूक त्यानंतर सहा आठवड्यांनी झाली. ते दाखवायला थोडं मागं जावं लागेल आणि थोडी बेरीज-वजाबाकी करावी लागेल.

घर कसं होतं

मार्लिन्सचा जन्म १९९३चा. १९९७मध्ये मालक वेन हायझेंगाने पैसा ओतला, संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली आणि त्याच हिवाळ्यात हायझेंगाने खेळाडू विकायला काढले. पुढच्या वर्षी गतविजेत्या संघाने १०८ सामने गमावले. मग जॉन हेन्री मालक झाला. २००२मध्ये तो बॉस्टनला गेला आणि संघ न्यूयॉर्कचा आर्ट डीलर जेफ्री लोरिया याच्याकडे आला. किंमत १५.८५ कोटी डॉलर, त्यातले ३.८५ कोटी लीगनेच बिनव्याजी दिलेले. मॉंट्रियलचा आपला जुना संघ लोरियाने लीगलाच विकला होता. म्हणजे एका हाताने घेतलं, दुसऱ्याने दिलं. २००३मध्ये लोरियाच्या संघाने यांकीजला हरवून पुन्हा वर्ल्ड सिरीज जिंकली.

मग आलं स्टेडियम. लिटल हवानामध्ये जुन्या ऑरेंज बाउलच्या जागेवर, सरकत्या छपराचं, २०१२मध्ये उघडलेलं. खर्चाचा मोठा वाटा शहर आणि काउंटीच्या तिजोरीतून आला. लोकांचा राग इतका की २०११मध्ये काउंटीचे मेयर कार्लोस अल्वारेझ यांना मतदारांनी मुदतीआधीच घरी पाठवलं. मालमत्ता कर वाढला हे एक कारण, स्टेडियम हे दुसरं. नवं मैदान, नवा गणवेश, नवं नाव, म्हणून लोरियाने २०११च्या हिवाळ्यात होझे रेयेस, मार्क बर्ली, हीथ बेल अशी महागडी खरेदी केली. संघ ९३ सामने हरला. नोव्हेंबर २०१२मध्ये रेयेस आणि बर्ली बाकीच्यांसोबत टोरोंटोला रवाना. नव्या स्टेडियमचा रंग वाळायच्या आत दुकान पुन्हा मोडीत.

त्यामुळे नोव्हेंबर २०१४मध्ये याच लोरियाने स्टँटनला १३ वर्षांचा ३२.५ कोटी डॉलरचा करार दिला, तेव्हा तो त्या काळी अमेरिकन खेळांतला सर्वांत मोठा करार असूनही लोक साशंक होते. शंका रास्त होती, फक्त ती चुकीच्या जागी होती. पैसे मिळतील का, यापेक्षा ते कधी आणि कोण देणार हे बघायला हवं होतं.

एक करार, जवळून

या कराराचे हप्ते असे होते: २०१५ला ६५ लाख डॉलर, २०१६ला ९० लाख, २०१७ला १.४५ कोटी. तीन वर्षांची बेरीज ३ कोटी. २०१८पासून एकदम २.५ कोटी, मग २.६, पुढे २.९, ३.२ असं चढत जाणारं. म्हणजे लोरियाच्या ताब्यातल्या तीन वर्षांत १३ वर्षांच्या कराराच्या दहा टक्केही पैसे गेले नव्हते. उरलेले २९.५ कोटी पुढच्या मालकाच्या डोक्यावर.

मी हिशेबाच्या धंद्यातला माणूस आहे. पहिली तीन वर्षं हलका हप्ता आणि नंतर मोठा, असं कर्ज कुणी घेताना दिसलं की आमच्या मनात पहिला प्रश्न येतो: हा तीन वर्षांनी इथे असणार आहे का? लोरिया नव्हता.

दुसरं कलम आणखी महत्त्वाचं. स्टँटनला संपूर्ण नो-ट्रेड क्लॉज होता. त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठेही पाठवता येणार नव्हतं. तिसरं म्हणजे २०२० संपल्यावर करार मोडून बाहेर पडायचा हक्क फक्त त्याला. घेणाऱ्याच्या दृष्टीने हे फार वाईट. खेळाडू चांगला खेळला तर निघून जाणार, बिघडला तर ३८व्या वर्षापर्यंत तुमच्या गळ्यात.

आणि मग सप्टेंबर २०१६. संघाचा सर्वांत चांगला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होझे फर्नांडेझ बोटीच्या अपघातात गेला. वय २४. क्यूबातून समुद्रमार्गे पळून आलेला, मायामीच्या क्यूबन लोकांचा जीव की प्राण. त्या घटनेचा हिशेब मांडणं बरं दिसत नाही, पण २०१७चा संघ त्याशिवाय समजत नाही. बॅटिंग उत्तम, पिचिंगला कणा नाही. ७७ जिंकले, ८५ हरले. तिकीटविक्री नॅशनल लीगमध्ये, म्हणजे मोठ्या लीगच्या दोन भागांपैकी मार्लिन्सच्या भागात, तळाला.

खरेदी

ऑगस्ट २०१७मध्ये सौदा ठरला, २७ सप्टेंबरला बाकीच्या मालकांनी एकमताने मंजुरी दिली, २ ऑक्टोबरला व्यवहार पूर्ण झाला. किंमत १२० कोटी डॉलर. मुख्य पैसा ब्रूस शर्मन यांचा. जीटरचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास, पण तो सीईओ आणि चेहरा. छोट्या भागधारकांत मायकेल जॉर्डनही होता.

१२० कोटी हा आकडा मोठा आहेच, शिवाय जुनं कर्ज होतं, ज्याचा बातम्यांमधला आकडा ४० कोटींच्या घरात होता. टीव्हीचा करार अख्ख्या लीगमधल्या सर्वांत स्वस्त करारांपैकी एक आणि तो २०२०पर्यंत बांधलेला. गेटवर गर्दी नाही. अशा धंद्याला इतकी किंमत दिली की पहिल्याच दिवशी खर्चाला कात्री लावायची गरज पडते. म्हणून मी म्हणतो, त्या हिवाळ्याचे निम्मे निर्णय जीटरच्या खुर्चीवर बसण्याआधीच, किंमत ठरली त्या क्षणी झाले होते. २०१७मध्ये पगारखर्च ११.५ कोटींच्या आसपास होता. २०१८साठी तो ९ कोटींवर आणायचा, असं सर्वत्र छापून आलं होतं.

सुरुवातच अवलक्षणी झाली. नवे मालक यायच्या आधीच जॅक मकीऑन, आंद्रे डॉसन, टोनी पेरेझ आणि जेफ कोनाइन या सल्लागारांना नारळ देण्यात आला, तोही जीटरने स्वतः न देता मावळते अध्यक्ष डेव्हिड सॅमसन यांच्यामार्फत. मकीऑन म्हणजे २००३च्या विजेत्या संघाचे मॅनेजर. कोनाइनला तर लोक 'मिस्टर मार्लिन' म्हणतात. त्यातून वाचलेले पैसे असे किती असणार! लोकांच्या मनातून उतरायला मात्र तेवढं पुरलं.

नऊ कोटींत काय बसतं

आता हिशेब. आयपीएलमध्ये प्रत्येक संघाच्या खर्चाला वरची मर्यादा असते, तशी बेसबॉलमध्ये नाही. मर्यादा मालकाच्या खिशाची. त्यामुळे ९ कोटी हा आकडा कुठल्या नियमाने आलेला नव्हता, मालकांनी ठरवलेला होता. तो तूर्त मान्य करू.

२०१८साठी मार्लिन्सच्या डोक्यावर असे पाच पगार होते, जे कुणी विकत घेणार नव्हतं. तिसऱ्या बेसवरचा मार्टिन प्रॅडो, १.३५ कोटी. एडिन्सन वोल्केझ, १.३ कोटी, ज्याच्या कोपरावर ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया झाली होती आणि जो २०१८मध्ये एक चेंडूही टाकणार नव्हता. वेई-यिन चेन, १ कोटी, शिवाय पुढच्या दोन वर्षांत ४.२ कोटी. ब्रॅड झीगलर ९० लाख. जुनिची ताझावा ७० लाख. बेरीज ५.२५ कोटी डॉलर. नऊपैकी सव्वापाच मेलेले पैसे.

त्यावर स्टँटनचे अडीच कोटी ठेवा, ७.७५ झाले. सेकंड बेसमन डी गॉर्डनचे १.०५ कोटी, ८.८. उरलेल्या २० लाखांत ओझुना, येलिच, कॅचर जे. टी. रियलम्यूटो आणि बाकी पंधरा-वीस जण. किमान पगारच माणशी ५ लाख ४५ हजार होता. हे बसत नाही. त्यामुळे ९ कोटी एकदा मान्य केले की स्टँटन जाणारच. ते टाळायला मालकांनी पदरचे दोन-तीन कोटी घालायला हवे होते आणि तेही दरवर्षी, २०२७पर्यंत.

पदरचे घालता आले नसते का? आले असते. तेव्हा तिसरा रस्ताही चर्चेत होता: हीच बॅटिंग ठेवा, दोन बरे पिचर घ्या आणि दोन वर्षं नेट लावून बघा. मला तो मोह समजतो. पण संघाच्या खालच्या लीगमध्ये वर यायला तयार असे पिचर जवळजवळ नव्हते आणि बाजारातून चांगला पिचर घ्यायचा तर चेनसारखाच पाच वर्षांचा करार द्यावा लागतो. चेनचं काय झालं ते समोर दिसत होतं.

स्टँटन

पहिला सौदा गॉर्डनचा झाला, ७ डिसेंबरला, सिएटलशी. यात एक गंमत आहे. सिएटलला गॉर्डन हवा होताच, पण त्याच्याबरोबर त्यांनी मार्लिन्सच्या परदेशी खेळाडूंसाठीच्या बोनसच्या कोट्यातले १० लाख डॉलरही मागून घेतले. कारण त्या आठवड्यात जपानहून आलेला शोहेई ओहतानी संघ निवडणार होता आणि त्याला जास्तीत जास्त बोनस देता यावा म्हणून सगळे कोटा गोळा करत होते. दुसऱ्या दिवशी ओहतानीने एंजल्स निवडले. सिएटलच्या हाती उरला गॉर्डन, ज्याला त्यांनी सेंटर फील्डला उभं करायचं ठरवलं होतं. तिथे तो धड खेळला नव्हता.

स्टँटनसाठी मार्लिन्सने सॅन फ्रान्सिस्को आणि सेंट लुईस या दोघांशी बोलणी जवळपास पक्की केली. दोन्ही संघ कराराचा मोठा भाग उचलायला तयार होते. स्टँटनने दोघांनाही नकार दिला. तो फक्त यांकीज, डॉजर्स, कब्ज किंवा ॲस्ट्रोजकडे जायला राजी होता. या दोघांपैकी एक निवड, नाहीतर आयुष्यभर मार्लिनच राहशील, असं आपल्याला सुनावण्यात आल्याचं त्याने पुढे जाहीरपणे सांगितलं. हा दम पोकळ होता आणि त्याला ते ठाऊक होतं. ज्याला पगार परवडत नाही तो 'मग ठेवून घेऊ' असं म्हणतो, तेव्हा समोरचा फक्त वाट बघत बसतो.

११ डिसेंबरला यांकीजशी व्यवहार झाला. मार्लिन्सला मिळाले स्टार्लिन कॅस्ट्रो आणि दोन कोवळे खेळाडू, होर्हे गुझमान आणि होझे डेव्हर्स. कॅस्ट्रोचा २०१८चा पगार १ कोटी. शिवाय स्टँटन २०२०नंतर करारातून बाहेर पडला नाही तर मार्लिन्सने यांकीजला ३ कोटी डॉलर द्यायचे. म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू, ज्याला एमव्हीपीची ट्रॉफी मिळून महिनाही झाला नव्हता, तो द्या, वर पैसेही द्या.

जीटरने जुन्या संघाला भेट दिली, असं तेव्हा न्यूयॉर्कबाहेर सगळे म्हणत. मला ते पटत नाही. यांकीजना हा सौदा का परवडला ते बघा. २००३पासून ते दरवर्षी लक्झरी टॅक्स, म्हणजे पगारखर्च ठरावीक रकमेवर गेला की बसणारा दंड, भरत होते आणि सलग भरत राहिल्याने त्यांचा दर वाढून पन्नास टक्क्यांवर गेला होता. एक वर्ष १९.७ कोटींच्या खाली राहिले की दर पुन्हा वीस टक्क्यांवर येणार होता. त्या टॅक्ससाठी कराराची वार्षिक सरासरी धरतात, म्हणून स्टँटनचे चढते हप्ते त्यांच्या वहीत सपाट अडीच कोटी झाले, त्यातूनही मार्लिन्सचे पैसे आणि कॅस्ट्रोचा पगार वजा. २०१८मध्ये यांकीज खरोखरच मर्यादेखाली राहिले. त्यांना स्टँटन नेमका बसत होता आणि स्टँटनला तेच हवे होते. विकणाऱ्याच्या हातात काही उरलं नव्हतं. ते लोरियाने २०१४मध्येच लिहून दिलं होतं.

बाकी, जीटरने लोकांशी वागण्यात जे केलं त्याला मात्र लोरिया जबाबदार नव्हता. सौदा जाहीर झाला त्याच आठवड्यात सगळ्या संघांचे अधिकारी ऑरलँडोजवळ हिवाळी बैठकीला जमले होते. जीटर तिथे गेलाच नाही. सौदा जाहीर झाला त्या दिवशी संध्याकाळी मायामीत डॉल्फिन्सच्या फुटबॉल सामन्याला बसलेला तो टीव्हीवर दिसला. आठवड्याभराने हंगामी तिकीटधारकांसमोर तो उभा राहिला, तेव्हा प्रश्न पैशांचे कमी आणि मानाचे जास्त होते. लोकांचं गाऱ्हाणं साधं होतं: आम्ही तिसऱ्यांदा तेच बघतोय, निदान तोंडावर सांगा.

ओझुना आणि येलिच

१४ डिसेंबरला ओझुना सेंट लुईसला गेला. ३१२ची सरासरी (म्हणजे हजारात ३१२ यशस्वी फटके, असा हिशेब), ३७ होमरन, १२४ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर संघाला मिळालेल्या धावा) असा त्याचा हंगाम झाला होता. त्याच्यावर संघाचा हक्क फक्त दोन वर्षं उरला होता आणि पगार दरवर्षी लवादातून वाढत जाणार होता. २०१८ला ९० लाख, पुढे आणखी. दोन वर्षांत हा संघ जिंकणार नसेल तर त्याला आत्ता विकणं शहाणपणाचं होतं. बदल्यात चार जण आले, त्यातले दोन पिचर सँडी अल्कांतारा आणि झॅक गॅलन. त्या दिवशी या दोन नावांकडे मायामीत फारसं कुणी बघितलं नाही.

इथे थांबून पुन्हा बेरीज करू. स्टँटन, गॉर्डन, ओझुना गेले. मेलेले ५.२५, कॅस्ट्रोचा १, रियलम्यूटोचे २९ लाख, डॅन स्ट्रेली, जस्टिन बोर आणि डेरेक डीट्रिच या तिघांचे मिळून ९७ लाख. येलिचचे ७० लाख. झाले ८.२१ कोटी. उरलेल्या पंधरा जणांना किमान पगार धरला तर आणखी ८२ लाख. एकूण ९.०३ कोटी. एक-दोघांना किमानपेक्षा थोडं जास्त द्यावं लागलं असतं, हे खरं. पण ढोबळमानाने आकडा गाठला होता, येलिच धरून.

आणि येलिचचा करार हा त्या संघाकडचा सर्वांत मौल्यवान कागद होता. २०१५मध्ये सही झालेला, ७ वर्षांचा, ४.९५७ कोटींचा. २०१८ला ७० लाख, मग ९७.५ लाख, १.२५ कोटी, १.४ कोटी आणि २०२२साठी संघाच्या मर्जीने १.५ कोटींचा पर्याय. म्हणजे २६ वर्षांचा, क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह आणि बॅटिंगचा सिल्व्हर स्लगर हे दोन्ही पुरस्कार मिळवलेला आऊटफिल्डर, पाच वर्षं, ५.८ कोटींत. स्टँटनच्या करारात जोखीम सगळी संघाकडे होती, येलिचच्या करारात फायदा सगळा संघाकडे. नो-ट्रेडही नाही.

मग विकला का? दोन कारणं दिली जातात. पहिलं, येलिचला राहायचं नव्हतं. जानेवारीत त्याच्या एजंटने तसं उघडपणे सांगितलं होतं. मान्य, पण करार २०२२पर्यंतचा होता आणि खेळाडू नाराज असला तरी बॅट हातात घेतो, कारण आकडे बिघडले तर नुकसान त्याचंच. रियलम्यूटोलाही जायचं होतं. त्याला त्यांनी एक वर्ष ठेवलं आणि फेब्रुवारी २०१९मध्ये फिलाडेल्फियाला दिलं. थांबता येतं, हे त्यांनी स्वतःच दाखवून दिलं.

दुसरं कारण जास्त वजनदार आहे: पुनर्बांधणी करायची तर अर्धी करू नये, भाव सर्वांत जास्त असताना विकावं. यात तथ्य आहे. २०१७मधली येलिचची कामगिरी, २८२ आणि १८ होमरन, चांगली होती, डोळे दिपवणारी नव्हती. मिलवॉकीने चार जण दिले: लुईस ब्रिन्सन, मॉंटी हॅरिसन, ईसान डियाझ आणि जॉर्डन यामामोटो. ब्रिन्सन तर जवळच्याच कोरल स्प्रिंग्जचा मुलगा, देशातल्या सर्वोत्तम प्रॉस्पेक्टच्या, म्हणजे होतकरू खेळाडूंच्या, याद्यांमध्ये वरचा. २५ जानेवारी २०१८ला सौदा झाला तेव्हा मार्लिन्सला बरं मिळालं, असं म्हणणारे जाणकार बरेच होते. मीही त्या वेळी मान डोलावली होती, हे कबूल करतो.

पण पाच वर्षांचा स्वस्त करार हातात असताना भाव सर्वांत जास्त आजच आहे, हे कशावरून? ओझुनाच्या बाबतीत घड्याळ टिकटिकत होतं. येलिचच्या बाबतीत कुठलंच घड्याळ नव्हतं. जुलैपर्यंत थांबलं असतं तरी पुढचे साडेचार हंगाम विकायला शिल्लक होते. आणि २०१८च्या जुलैनंतर येलिच ज्या पद्धतीने खेळला त्याचा तर भावच करता आला नसता.

तो त्या वर्षी ३२६च्या सरासरीने, ३६ होमरन मारून नॅशनल लीगचा एमव्हीपी झाला. २०१७चा एमव्हीपी स्टँटन, २०१८चा येलिच, एकाच आऊटफिल्डमधले. पुढच्या वर्षी येलिचने ४४ मारले. ब्रिन्सनची २०१८ची सरासरी होती १९९. हॅरिसन आणि डियाझ मोठ्या लीगमध्ये टिकले नाहीत. यामामोटोची सुरुवात छान झाली आणि तेवढ्यावरच थांबली.

गेटवर आणि वहीत

२०१८मध्ये मार्लिन्स ९८ हरले, २०१९मध्ये १०५. घरच्या मैदानावर २०१८मध्ये एकूण ८,११,१०४ तिकिटं गेली. सामन्याला दहा हजार, ३७ हजारांच्या स्टेडियममध्ये. २००४च्या मॉंट्रियलनंतर दहा लाखांखाली गेलेला हा पहिला संघ, आणि मॉंट्रियल तर तेव्हा गाव सोडायच्या तयारीत होतं. न्यायाने बोलायचं तर नव्या मालकांनी फुकट वाटलेली तिकिटं मोजणं बंद केलं होतं, त्यामुळे २०१७च्या १५.८ लाखांशी थेट तुलना करता येत नाही. घसरण झालीच, पण कागदावर दिसते तितकी नाही. यासाठी मी जीटरला एक गुण देतो. स्टेडियम भरल्यासारखा आकडा दाखवायची त्या गावाची जुनी खोड होती.

डिसेंबर २०१७मध्ये 'मायामी हेराल्ड'ने एक कागद बाहेर काढला, नव्या गटाने गुंतवणूकदारांना दाखवलेला, 'प्रोजेक्ट वुल्व्हरिन' नावाचा. त्यात २०१८चा नफा ६.८ कोटी डॉलर धरला होता, पण त्यातले जवळपास ५ कोटी लीगने आपल्या स्ट्रीमिंग कंपनीचा हिस्सा डिस्नीला विकल्याचे, प्रत्येक संघाला एकदाच मिळणारे. फेब्रुवारीत खेळाडूंच्या युनियनने मार्लिन्ससह चार संघांविरुद्ध तक्रार केली की श्रीमंत संघांकडून मिळणारा वाटणीचा पैसा हे खेळाडूंवर खर्च करत नाहीत. त्याच महिन्यात काउंटीने लोरियाला कोर्टात खेचलं. स्टेडियमच्या करारात विक्रीच्या नफ्यातले पाच टक्के शहर-काउंटीला द्यायचं कलम होतं, आणि १५.८५ कोटींना घेऊन १२० कोटींना विकलेल्या संघावर लोरियाने दाखवला होता १४.१ कोटींचा तोटा! हिशेबाच्या धंद्यात इतकी वर्षं काढूनही असा ताळेबंद मांडायची हिंमत माझ्याकडून व्हायची नाही.

पुढे काय झालं

ओझुनाच्या सौद्याचं फळ उशिरा आलं. गॅलनला त्यांनी २०१९च्या जुलैमध्ये ॲरिझोनाला देऊन जॅझ चिझम घेतला. अल्कांतारा २०२२मध्ये एकमताने सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराचा मानकरी ठरला, मार्लिन्सच्या इतिहासातला पहिला. करोनाच्या साठ सामन्यांच्या हंगामात अर्धा संघ आजारी पडूनही हे प्ले-ऑफमध्ये गेले आणि पहिल्या फेरीत कब्जना घरी बसवलं. नोव्हेंबर २०२०मध्ये त्यांनी किम अंग यांना जनरल मॅनेजर केलं, त्या पदावरची पहिली स्त्री. २०२३मध्ये पुन्हा प्ले-ऑफ. एका सौद्याने हे सगळं घडलं असं कुणी म्हणणार नाही. पण त्या हिवाळ्यातलं जे टिकलं ते जवळजवळ सगळं ओझुनाच्या पावतीवरचं आहे, येलिचच्या पावतीवर काहीच नाही.

जीटर २८ फेब्रुवारी २०२२ला बाजूला झाला. संघाबद्दलची पुढची दिशा आपण ज्यासाठी आलो तिच्याहून वेगळी आहे, अशा अर्थाचं निवेदन देऊन. शर्मन राहिले. जुलै २०२४मध्ये चिझमही विकला गेला, यांकीजना. त्या ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीजला तो आणि स्टँटन एकाच डगआऊटमध्ये होते.

स्टँटन २०२०नंतर करारातून बाहेर पडला नाही. सतत दुखापतींनी बेजार असलेला, तिशी ओलांडलेला खेळाडू उरलेले पैसे सोडून कशाला जाईल? त्यामुळे ३ कोटींचं ते कलम लागू झालं. हप्ते २०२६ ते २०२८ या तीन वर्षांत द्यायचे आहेत. गुझमान आणि डेव्हर्स मायामीतून कधीच गेले, सौद्यावर सही करणारा जीटरही गेला. करार करून देणारा लोरिया तर सगळ्यांच्या आधी. चेक मात्र मार्लिन्सच्या खात्यातून निघणार.